आर्वीने शिकवलेला बेडूक

अल्पेश उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात काम करतो. घटस्फोटानंतर त्याची सहा वर्षांची आर्वी आईकडे, बदलापूरला राहते. महिन्यातून एका रविवारी, दोन तास, तिथल्या बागेत बापलेकीची भेट ठरलेली आहे.

मागच्या भेटीत आर्वी त्याच्याशी फारशी बोललीच नव्हती. म्हणून महिनाभर जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर व्हिडिओ बघून तो कागदाचा बेडूक शिकला. जाड बोटांनी घड्या चुकायच्या, पण शेवटी बेडूक टुणकन उडी मारायला लागला.

रविवारी बाकावर बसून त्याने हिरवा कागद काढला. "बघ हां, आता गंमत."

दोनच घड्या झाल्या आणि आर्वी म्हणाली, "बेडूक ना? मला येतो. पप्पांनी शिकवलाय."

पप्पा म्हणजे जिज्ञासाचा, तिच्या आईचा, नवा नवरा. अल्पेशचे हात थांबले.

"मला नाही येत गं नीट," तो म्हणाला. "तू शिकव."

ती खूश झाली. एकेक घडी समजावून सांगू लागली. तो मुद्दाम चुकत राहिला आणि ती खुदुखुदू हसत राहिली.

जिज्ञासा स्कूटरवर न्यायला आली. निघताना आर्वी म्हणाली, "पुढच्या वेळी प्रॅक्टिस करून या हां तुम्ही."

वर्षापूर्वीपर्यंत ती त्याला 'अरे बाबा, उचल ना' म्हणायची.

"येतो करून," अल्पेश म्हणाला, आणि स्कूटर वळणाआड जाईपर्यंत चेहऱ्यावरचं हसू तसंच धरून उभा राहिला.