चिवट हाडाची

थोरलीला मूल झालं नाही, म्हणून नवऱ्यानं तिला माहेरी आणून टाकलं. आईचं दुखणं मग ओघानंच तिच्या गळ्यात पडलं आणि कपडे अल्टर करायचं चांगलं चाललेलं दुकान तिला बंद करावं लागलं. पंचेचाळिशीपासून आईचे हातपाय आपोआप झटके देत होते. आता बोलणंही अडखळायचं, पण टोमणा बरोब्बर पोचायचा. "धाकटीला बघ, लग्न झालं नि दिवस गेले. तू आपली वठलेलं खोड!"

दोघी बहिणींचं रक्त तपासलं होतं. डॉक्टर तरुण होता, बोलायला मोकळा. "तुमच्या घरात पोरं पटापट होतात ना? ते आणि हा आजार, दोन्ही एकाच जीनमुळे. तरुणपणी तो भरभरून देतो, पुढे मेंदू पोखरतो. निसर्गाला त्याचं सोयरसुतक नाही, तोवर पोरं झालेली असतात." धाकटीत तो जीन होता, तिच्या प्रत्येक पोरात असायची शक्यता निम्मी होती. थोरलीत नव्हता. "तुम्ही मात्र चिवट हाडाच्या. नव्वदी गाठाल."

धाकटीनं पोटावर हात ठेवला. तिथं चौथं होतं. थोरलीला वाईट वाटायला हवं होतं, पण बाईला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बसमध्ये तिनं मनातल्या मनात दुकान उघडलंसुद्धा. आई आता थोड्याच दिवसांची सोबती, मग आपण मोकळ्या.

घरी पोचताच ती चपला न काढता आईच्या खाटेपाशी गेली.

"तुझी लाडकी तुझ्यासारखीच अंथरुणाला खिळणार. आणि मी जगणार, नव्वद वर्षं!"

आईचं तोंड वाकडं झालं. ते रडणं होतं की झटका, कळेना.

"जग की," दारातून धाकटी म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "आईचं उरकलं की माझं करायचं. माझं उरकेल तोवर माझी मोठी पडेल. मग तिच्या पाठची. सगळ्यांना पोचवायला कुणीतरी हवंच ना, ताई."

"मी नाही करणार."

"करशील. माझा नवरा काय थांबणारे? पोरं येतील तुझ्याच दारात."

तेवढ्यात दोघींना वास आला. आईनं अंथरूण भरवलं होतं. धाकटी खुर्ची ओढून निवांत बसली. थोरली कोरडी चादर आणायला आत गेली.