सातव्या टाकीतला पाला

आमच्या द्राक्षमळ्याच्या दोन वाइन. पहिलीच्या बाटलीवर मालकांच्या महालाचं चित्र. ती आम्हाला फक्त पुसायला मिळते. दुसरीवर नुसतं फाटक. तोडणी संपली की कामगारांच्या जेवणात ती हवी तेवढी.

कुठली टाकी कुठल्या वाइनमध्ये जाणार, ते जानेवारीत मी आणि मालक लार्तीग चाखून ठरवतो. तळघर तीस वर्षं माझ्या हाती. मालक तीनेक वर्षांपूर्वी पॅरिसच्या बँकेतून आलेले. चाखलेला घोट थुंकायचा, हा नियम. दोन वर्षांपूर्वी सातव्या टाकीचा घोट मी गिळला. इतकी सुंदर वाइन! लगेच तोंड वाकडं केलं.

"पाल्याचा वास येतोय, नाही?"

मालकांना कसला वास येतोय! पण अडाणी कोण ठरणार?

"हो, हो, पालाच. दुसरीत घाला."

टाक्यांचा पंप चालवणारा फेर्नां मालक गेल्यावर म्हणाला, "गिस्लेनबाई, जिभेला किडे पडतील तुझ्या!"

"पडू देत. तू तोंड बंद ठेव, जेवणात उघड."

गेल्या ऑक्टोबरच्या जेवणात ती वाइन आली. नेमके मालकही आमच्यात येऊन बसले. चार पेले प्यायले, मग माझ्याकडे बघत राहिले. मी बदकाच्या तंगडीत डोकं खुपसलं.

यंदा जानेवारीत पुन्हा सातवी टाकी. मी तोंड उघडायच्या आत मालकांनीच नाक मुरडलं.

"शी! पाला. दुसरीत घाला."

थुंकायचं भांडं मी पुढे केलं. त्यांचा घोट केव्हाच पोटात गेला होता.