पाय न लावता पडलेला ठोका

मशीनची मोटार चालू होती आणि प्रेसजवळ श्रीदेवी एकटीच होती. एका हातात तेलाची कुपी, दुसऱ्या हातात फडकं. औरादच्या बाहेर, बिदर रस्त्याच्या आतल्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड होती. तिचा नवरा सिद्धेश्वर जुन्या मशिनी आणायचा, खोलून साफ करायचा, झिजलेले भाग नव्यानं करून बसवायचा आणि विकायचा. आज भालकीचं गिऱ्हाईक टेंपो घेऊन येणार होतं. त्याला वाट सापडायची नाही म्हणून सिद्धेश्वर नाक्यावर गेला होता. जाताना म्हणाला होता, "बेरिंग जरा रुळू दे. चाक फिरत ऱ्हाऊ दे, बंद करू नको."

श्रीदेवीनं वाकून पंचाच्या, म्हणजे वरून आदळणाऱ्या ठोकळ्याच्या, दोन्ही बाजूंना तेल सोडलं. खालच्या साच्यावर, डायवर, सांडलेला थेंब फडक्यानं पुसला आणि हात मागं घेतला. तेवढ्यात धाड्‌ करून पंच खाली आला, डायमध्ये बसला आणि परत वर जाऊन थांबला.

तिच्या हातातली कुपी खाली पडली. पायडल पार पुढच्या बाजूला होतं, आणि ती मशीनच्या कडेला उभी होती.

पॉवर प्रेस म्हणजे पत्रा कापायचं, त्याला भोकं पाडायचं यंत्र. बाजूला एक जडशीळ चाक सारखं फिरत असतं. पायडल दाबलं की एक खटका सुटतो, चाकाचा सगळा जोर पंचात उतरतो, आणि पंच एकदा खाली येऊन वर थांबतो. पायडल दाबल्याशिवाय तो जागचा हलायला नको. पुढं बसणाऱ्या माणसाचे हात डायमध्ये सारखे आत-बाहेर होत असतात, ते त्या खटक्याच्या भरवशावर.

हे श्रीदेवीला कुणी शिकवायला नको होतं. लग्नाआधी तिनं बिदरजवळ कोळारला बिजागऱ्यांच्या एका कारखान्यात प्रेसवरच काम केलं होतं. तिच्या शेजारच्या मशीनवर सिद्धव्वा बसायची. एके दिवशी सिद्धव्वाचा प्रेस एकाच्या जागी दोनदा पडला आणि तिची उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालक म्हणाला, तुझा पाय लागला असंल. सिद्धव्वा आधी रडून-रडून नाही म्हणत होती. पुढं पुढं तीच म्हणायला लागली, "लागला बी असंल बाई पाय. काय सांगावं."

श्रीदेवीनं आपल्या पायांकडं पाहिलं. लागला असेल का पदर कुठं? लुगड्याचा काठ अडकला असेल? मग तिनं स्वतःलाच झटकलं. इतक्या लांबून काय लागणार होतं?

बाहेर टेंपोचा आवाज आला.

सिद्धेश्वरच्या मागोमाग जगदेवप्पा आत आला. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, हातात मोटारसायकलची किल्ली, ती नुसतीच खेळवायची सवय. भालकीत त्यानं कडी-कोयंड्यांचा छोटा कारखाना टाकला होता. त्याच्याबरोबर एक तरुण मुलगी होती. प्रियंका तिचं नाव, ठाणाकुशनूरची. प्रेसवर तीच बसणार होती, म्हणून मशीन बघायला तिला आणलं होतं.

"शरणु अक्का," जगदेवप्पा म्हणाला आणि प्रेसभोवती एक चक्कर मारली. "बेस झालीया की रे सिद्धू! कोळारच्या भंगारात मी हीच बघितल्ती. गंजून दगड झाल्ती."

सिद्धेश्वर नुसता हसला. पण त्या हसण्यात काय होतं ते श्रीदेवीला ठाऊक होतं. पंच जाम झालेलं ते धूड त्यानं रॉकेलमध्ये भिजवून भिजवून सोडवलं होतं. आसाभोवतीचे बुश घासून बसवले होते. खटका तर मिळतच नव्हता. तो त्यानं ट्रॅक्टरच्या जुन्या ॲक्सलच्या तुकड्यातून कानशीनं घासून घासून बनवला होता. शेवटी हिरवा रंग दिला, तेव्हा तो रात्री जेवताना दोनदा उठून बघून आला होता.

तिनं त्याला ग्राइंडरकडं बोलावलं.

"अवो, मशीन आपोआप पडली."

"म्हंजी?"

"मी तेल सोडायलते. पायडलजवळ कुनीच न्हवतं. पडली."

सिद्धेश्वरनं गिऱ्हाइकाकडं एक नजर टाकली. "हळू बोल. पाय लागला असंल तुझा."

"मी कडंला व्हते."

"मग पदर. श्रीदेवी, मानूस टेंपो घेऊन दारात आलाय, आन्‌ तू आत्ता हे काय काढायलीस?"

"तुमी खटका खोलून बघा. येवढंच म्हनायले मी."

"काल रात्रीच बसवलाय. खोलायचं कामून?"

तो तसाच गेला, पुढ्यातल्या स्टुलावर बसला आणि पत्र्याची पट्टी घेऊन पायडल दाबायला लागला. ठोका. थांबला. ठोका. थांबला. एकेक कडी तुटून खाली डब्यात पडत होती, कडा स्वच्छ, भोक बरोबर मधोमध. सगळी पट्टी संपली तरी मशीन एकदाही चुकली नाही. त्यानं मान वळवून बायकोकडं पाहिलं.

"झकास!" जगदेवप्पा म्हणाला. "प्रियंका, बस पोरी. तुझा हात बसतो का बघू."

प्रियंकानं ओढणी कमरेला खोचली आणि पुढं झाली. तिची बोटं लांब, बारीक होती. श्रीदेवीला पुढचं काही सुचलंच नाही. तिनं दोन ढांगा टाकल्या आणि सिद्धेश्वर उठला तशी तीच स्टुलावर बसली.

"मी चालवते," ती म्हणाली. "लई वर्सं केलंय हे काम. तू बघ आधी."

तिनं चिमटा घेतला. हात बाहेर, चिमट्यानं पट्टी आत, पायडल. ठोका. पाय बाजूला. थांबायचं, ऐकायचं. परत. चाकाच्या घरघरीखाली तिला काहीतरी ऐकू येत होतं, दाताखाली खडा यावा तसं. पण ठोका मात्र दरवेळी सरळ पडत होता.

जगदेवप्पानं किल्ली फिरवायची थांबवली. "अक्का, असं चिमट्यानं खेळत बसलं तर माझा माल कवा निघायचा? उठा आता. पोरगीला बसू द्या."

"थांबा जरा."

"सिद्धू, हे काय चालायलंय? मशीन इकायची हाय का न्हाई?"

सिद्धेश्वरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चारचौघांत बायको ऐकत नाही, आणि तेही त्याच्याच मशीनपुढं. "ऊठ," तो म्हणाला.

"न्हाई."

"श्रीदेवी, ऊठ म्हनलो!"

ती उठली. पण उठून बाजूला झाली नाही. सरळ भिंतीकडं गेली आणि बोर्डावरचं मोटारीचं बटण बंद केलं. "आता कुनीच बसायचं न्हाई," ती म्हणाली. "खटका खोलल्याबिगर मी हितं कुनाला बसू देनार न्हाई."

मोटारीचा आवाज उतरत गेला. सिद्धेश्वर दात-ओठ खात प्रेसकडं वळला. शेवटची कडी डायमध्ये अडकून राहिली होती.

"भीती वाटायली हिला," तो जगदेवप्पाला म्हणाला. "काय न्हाई हिच्यात. हे बघा." आणि वाकून त्यानं दोन बोटं डायमध्ये घातली.

मोटार बंद झाली म्हणून चाक थांबत नाही. तसलं जड चाक वीज गेल्यावरही कितीतरी वेळ फिरत राहतं, आणि फिरतंय तोवर त्याचा जोर शाबूत असतो. औरादमध्ये हे सिद्धेश्वरपेक्षा जास्त कुणाला माहीत असेल! पण रागाच्या भरात तो विसरला.

श्रीदेवी बोर्डापाशीच होती. तिनं चाक फिरताना पाहिलं, आणि त्याच क्षणी तो खडा दाताखाली आल्यासारखा आवाज परत ऐकला. ती ओरडली नाही. ओरडायला वेळ नव्हता. तिनं झेप घेऊन मागून त्याची बखोट दोन्ही हातांनी धरली आणि सगळ्या अंगाचा भार मागं टाकला.

धाड्‌.

दोघं पत्र्याच्या ढिगावर आदळली. प्रियंका किंचाळली. सिद्धेश्वर उताणा पडल्या पडल्या आपला उजवा हात डोळ्यांपुढं धरून बघत होता. बोटं पाचही होती. मधल्या बोटाचं टोक सोलून निघालं होतं आणि त्यातून रक्ताची धार मनगटावर उतरत होती. शर्टाच्या बाहीचा बटणाकडचा तुकडा जाग्यावर नव्हता. तो कडीबरोबर डायमध्ये दाबून बसला होता.

चाक हळूहळू मंद झालं आणि एकदाचं थांबलं. तोवर कुणीही हललं नाही.

पहिल्यांदा जगदेवप्पाच बोलला. "बोट हाय न्हवं?"

"हाय," श्रीदेवी म्हणाली. ती बोटाला फडकं गुंडाळत होती.

जगदेवप्पानं रुमालानं मान पुसली. जरा वेळ बाहेरच्या टेंपोकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सिद्धू, झालं ते झालं. माझी आर्डर अडकून हाय. खटका काय, मी भालकीला बदलून घेतो. तू भाव जरा कमी कर, मी आत्ता उचलून नेतो. तुझीबी कटकट मिटली."

श्रीदेवीनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो खाली बघत होता. इतक्या दिवसांची मेहनत, दारात टेंपो उभा, आणि गिऱ्हाईक दोष माहीत असूनही घ्यायला तयार. नुसती मान हलवली की काम संपत होतं. तो विचार करत होता हे तिला कळलं, आणि त्याची तिला जेवढी भीती वाटली तेवढी मघाशी त्या ठोक्याचीही वाटली नव्हती.

"अण्णा, मी करते की चिमट्यानं," प्रियंका मध्येच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण ती जिद्दीनं बोलत होती. "हात घालनारच न्हाई आत. काम तर सुरू व्हईल."

"कोळारला आमालाबी चिमटं दिल्तं, पोरी," श्रीदेवी म्हणाली. "मालक घाई कर म्हनला की चिमटा कडंला पडतो. तुज्या ध्यानातबी येत न्हाई कवा पडला ते."

सिद्धेश्वर उठला. फडकं गुंडाळलेला हात छातीशी धरून त्यानं डाव्या हातानं पाना घेतला. चाकाच्या बाजूची टोपी काढायला त्याला बराच वेळ लागला. एकदा पाना निसटला, तेव्हा श्रीदेवीनं दुसरं टोक धरलं. त्यानं खटका बाहेर काढला, उजेडात धरला आणि अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला. जिथं धारदार कोपरा पाहिजे तिथं गुळगुळीत गोलाई आली होती. चाक आणि पंच जोडणारी जी चावी खटक्यानं अडवून धरायची, तिची शेपटी त्या गोलाईवरून घसरत होती.

त्यानं तो जगदेवप्पाच्या तळहातावर ठेवला.

"हे माझं काम हाय," तो म्हणाला. "लोखंड तापवून टणक व्हाया पाणी पाजलो, पर नीट पाजलो न्हाई. तुमची तारीख जवळ आल्ती, गडबड केलो. काल बसवलेला, आज झिजला. मशीन मी देत न्हाई, अण्णा."

"अरे, पर मी घ्यायलोय न्हवं?"

"तुमी घ्याल. बसनार ही पोरगी."

जगदेवप्पानं खटका टेबलावर आपटला. दिलेल्या शब्दाला जागायची अक्कल नाही, असं काहीबाही बोलत तो बाहेर पडला. प्रियंका मात्र दारात घुटमळली. "अक्का, माझं काम गेलं की वो," ती म्हणाली. त्यात राग होता. श्रीदेवीनं तिला आपला फोन नंबर दिला.

टेंपो रिकामा गेला. दोघं नवरा-बायको शेडच्या दारात बसली. सिद्धेश्वरच्या बोटात ठणका मारत होता, दवाखान्यात जायला हवं होतं, पण तो उठेना.

"तुझा पाय न्हवता लागला," तो म्हणाला.

"न्हाई."

"मी मघाशीच ऐकाया पायजे व्हतं."

श्रीदेवीला त्या सरळ साध्या वाक्यानं रडू आलं, आणि ती तोंड फिरवून रस्त्याकडं बघत बसली.

बोट भरून आल्यावर सिद्धेश्वरनं नवा खटका केला. या वेळी पोलाद चांगलं आणलं. भट्टीत लाल करून तेलात विझवलं, आणि मग कानस फिरवून पाहिली; कानस नुसती घसरली, चरा पडला नाही. डायपुढं जाळीचं झाकण बसवलं, हात आत जाणारच नाही असं. ते झाकण कसं असावं, पट्टी कुठून सरकवायची, हे श्रीदेवीनं स्टुलावर बसून दाखवलं. पुढं ती मशीन उदगीरच्या एका माणसानं नेली.

पण त्याआधीच एका दुपारी प्रियंकाचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. जगदेवप्पानं हैदराबादकडून दुसरा जुना प्रेस आणला होता, उद्यापासून काम सुरू होणार होतं. "अक्का, खटका कुठल्या बाजूला असतोय? कसा बघायचा?"

श्रीदेवीनं फोन नवऱ्याकडं दिला. त्यानं ऐकून घेतलं. "फोनवर न्हाई कळायचं," तो फोन परत देत म्हणाला. "चालू करू नको म्हनाव. येतो."

"बोलावलंय कुनी आपल्याला?" श्रीदेवीनं विचारलं.

"कुनी न्हाई."

त्यानं पान्यांची पिशवी मोटारसायकलला अडकवली. श्रीदेवी मागं बसली. भालकीला कारखान्याच्या दारात जगदेवप्पा उभाच होता, किल्ली फिरवत. त्यानं सिद्धेश्वरच्या बोटाकडं पाहिलं. तिथं नवी गुलाबी कातडी आली होती. पिशवीकडं पाहिलं. श्रीदेवीला वाटलं, आता हा हाकलून देणार.

"चहा घेनार का आधी?" जगदेवप्पा म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.

मशीन चांगली निघाली. खटका टणक होता, कडा शाबूत. ब्रेकचा पट्टा तेवढा ढिला होता, तो सिद्धेश्वरनं आवळून दिला. श्रीदेवीनं प्रियंकाला शेजारी उभं करून चाक हातानं फिरवलं आणि चांगल्या खटक्याचा आवाज कसा असतो तो परत परत ऐकवला, तिला डोळे मिटून ओळखता येईपर्यंत.