वजा न होणारा टोल

मी एक जुनी पितळी घंटा आहे, विद्यापीठाच्या व्यवसाय व्यवस्थापन विभागातली. ओतारीने मला साच्यात ओतले, कानशीने घासले आणि आवाज ऐकून समाधानाने मान डोलावली. तेव्हापासून मी ग्रंथालयाच्या दाराशी टांगलेली आहे. इथली पद्धत अशी, की नोकरी लागली की येऊन मला एक टोल द्यायचा. आत वाचत बसलेले सगळे टाळ्या वाजवतात. संशोधन करणाऱ्या एका मॅडमनी तर माझ्या टोलांवरूनच विभागाचे यश मोजले. त्यांच्या शोधनिबंधाला बक्षीस मिळाले आणि मीही उगाच भाव खाऊ लागले.

मग विभागातल्या एका उंच मुलाला, ज्याला सगळे लंबू म्हणायचे, नोकरी लागली. तो आईला घेऊन आला आणि दोरी तिच्याच हातात दिली. माउलीने ती इतक्या जोरात ओढली की माझेच कान बधिर झाले. सगळे हसले, तीही हसली.

पण तो रुजू होण्याआधीच कंपनीने नोकरी मागे घेतली. लंबू घरी बोललाच नाही. रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन कामावर म्हणून निघायचा आणि इथे कोपऱ्यात येऊन बसायचा. मी वाजले की तोही टाळ्या वाजवायचा, मान खाली घालून. मित्रांनो, घंटेला कसली लाज, असे तुम्ही म्हणाल. पण त्या टाळ्या ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. एकदा निघालेला आवाज मला परत घेता येत नाही.

एके दिवशी मॅडम नव्या टोलांची चौकशी करायला आल्या. लंबू उठून त्यांच्यापुढे उभा राहिला.

“मॅडम, माझा टोल वजा करा. नोकरी गेली माझी. घरी माहीत नाही.”

मॅडमचा चेहरा खाडकन उतरला. टोल देऊन गेलेल्यांचे पुढे काय झाले, हे त्यांनी कधी कुणाला विचारलेच नव्हते.

“मी बक्षीस घेऊन मोकळी झाले रे,” त्या कशाबशा म्हणाल्या. “चल, आईला आपण दोघं मिळून सांगू.”

दुसऱ्या दिवशी आई स्वतः डबा घेऊन आली. माझ्याकडे न बघता आत गेली आणि लेकाशेजारी बसली.

“इतके दिवस एकटाच जेवलास होय रे?” एवढेच तिने विचारले.

मित्रांनो, मला खुशाल वाजवा. पण टाळ्या थांबल्या की थोड्या दिवसांनी, वाजवून गेलेल्याला कसा आहेस म्हणून विचारा. मला ते विचारता येत नाही.