सोमवारची पाहणी

माझी वर्षाची लेक ठकी बाबांच्या कापायच्या टेबलावर, चिंध्यांच्या गठ्ठ्यात झोपली की मला वाचायला वेळ मिळायचा. तिच्या मुठीतून माझं बोट सुटेपर्यंत थांबायचं आणि मग धावत कागदाकडे. त्या आठवड्यात माझ्या नशिबी नगरपालिकेचा एकशे चाळीस पानी विकास अहवाल होता. मुखपृष्ठावर आमचाच चौक, पण इथंच वाढलेल्या माणसालाही ओळखू न येणारा. चार मजली काचेचं पार्किंग, पुढे कारंजं आणि कारंज्याभोवती हिंडणारी, सावलीच न पडणारी माणसं.

बाबा तीस वर्षं या चौकातल्या अकरा गाळ्यांच्या ओळीत शिवणकाम करतात. अहवालात ही ओळ पार शेवटी, पान एकशे बारावर होती. ‘अकराही गाळे वापरात नाहीत.’ आणि खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत: वापरात नसलेल्या गाळ्याच्या बदली नव्या इमारतीत गाळा मिळणार नाही.

“वापरात नाही?” बाबांनी मशीन थांबवलं नाही. “मग मी पाय मारतोय ती काय सायकल आहे?”

पुराव्याला फोटो होते. तीन भेटी, अकरा शटर, सगळी बंद. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तारखा जुळवल्या. तिन्ही सोमवार. सोमवारी ओळ बंद असते हे चौकातल्या कुत्र्यांनाही कळतं. त्या दिवशी ती जेवायला दुसऱ्या गल्लीत जातात.

ठकी झोपलेली असताना, तीन दुपारी मिळून मी हरकतीचा अर्ज लिहिला. सुनावणीला तिला कडेवर घेऊनच गेले, बाबाही सोबत आले.

सभागृहात टेबलावर चौकाची प्रतिकृती मांडली होती. मोठ्या शहरातून आणलेले सल्लागार तिच्यावरून पेन फिरवत ‘सार्वजनिक श्वास’ वगैरे बोलत होते. मुख्याधिकारी मान डोलावत होते. त्यांची मान त्याच कामासाठी नेमलेली असावी. ठकीनं हात लांबवून स्पंजचं एक झाड उपटलं आणि थेट तोंडात घातलं. मी बोट घालून ते बाहेर काढलं. एवढ्या योजनेत कोणाच्या तरी उपयोगी पडलेली तेवढी एकच गोष्ट.

माझा नंबर आला. मी तारखा वाचून दाखवल्या.

“ताई, पाहणी शास्त्रीय पद्धतीनं झालीय,” सल्लागार म्हणाले.

“पण तिन्ही वेळा सोमवारीच कशी?”

“सोपं आहे. इतर दिवशी चौकात गाडी लावायला जागाच मिळत नाही.”

सभागृहात मागून कोणीतरी फिसकन हसलं. का हसलं हे सल्लागारांना कळेना. त्यांनी स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं.

बाबा उठले. गळ्यातली टेप काढायची विसरूनच आले होते. “साहेब, गिऱ्हाईक घरी नसताना त्याच्या खुंटीचं माप घेऊन मी पँट शिवली, तर तुम्ही घालाल?”

मुख्याधिकाऱ्यांनी घाईघाईनं फेरपाहणीचा आदेश दिला. दहा दिवसांनी पत्र आलं. मी तारीख वाचली आणि कॅलेंडर काढायची गरजच पडली नाही.

“सोमवार,” मी म्हणाले.

“असू दे,” बाबा म्हणाले. “गाढवाला एकच वाट ठाऊक. आपण वाटेवर बसू.”

त्या सोमवारी अकरा शटर वर गेली. ओळीतल्या सगळ्यांनी आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं, म्हणून चौकात शनिवारसारखी गर्दी. साडेदहाला पांढरी गाडी आली. तिनं एक फेरी मारली. दुसरी मारली. बाबा काज करता करता मोजत होते. “तीन,” ते म्हणाले. “ठकी, बघ, तुझं झाड लावणारे काका गरगर फिरतायत.” ठकी प्रत्येक फेरीला टाळ्या वाजवत होती.

पाचव्या फेरीनंतर गाडी दिसेनाशी झाली. अर्ध्या तासानं सल्लागार चालत आले, घामानं निथळत, फाइलनं वारा घेत. बाबांनी स्टूल पुढे केलं. मी ठकीला मांडीवर घेऊन त्यांच्या समोरच बसले.

“आमचा गाळा, क्रमांक चार,” मी म्हणाले. “लिहा.”

“ऑफिसात जाऊन लिहीन, ताई.”

“इथंच लिहा. ऑफिसात गेलात की तुम्हाला पुन्हा शटर दिसतील.”

त्यांनी लिहिलं: वापरात. बाबांनी चष्मा लावून ते अक्षर न् अक्षर वाचलं, टाका तपासावा तसं. मग त्यांना बोटाला धरून नेल्यासारखं पाचव्या गाळ्यात नेलं, सहाव्यात नेलं, उरलेल्या प्रत्येक दारात नेलं. अकराही गाळ्यांपुढे सही झाल्यावर सल्लागारांनी कपाळ पुसलं आणि ते अगदी मनापासून म्हणाले, “बघा, मी म्हणत नव्हतो? इथं पार्किंगची किती गरज आहे!”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते आपल्या गाळ्यात परतून मशीनवर बसले आणि उरलेली शिलाई घालू लागले.