दोनशे बारा गेले, दोनशे अकरा आले

मित्रांनो, मी संगणकातल्या एका तक्त्याची शेवटची ओळ आहे, आता जुनी झालेली. केरळच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या संघात सिल्वेस्टर नावाच्या कारकुनाने मला मांडले. माझ्या वरच्या प्रत्येक ओळीला एका बोटीचे नाव आहे. मला नाव नाही. 'गेले' आणि 'आले' हे आकडे त्या ओळींचे. मी त्यांची बेरीज-वजाबाकी करते आणि समुद्रावर किती माणसे उरली ते सांगते. स्वतःचे म्हणावे असे माझ्याजवळ काही नाही, याचे मला फार वाईट वाटते.

इथली माणसे भर समुद्रात बोट बदलतात. कुणाचे जाळे जड झाले की मदतीला त्याच्या बोटीवर चढतात आणि तिच्यातूनच परत येतात. म्हणून एकेका बोटीचा आकडा क्वचितच जुळतो. माझा जुळतो. दुपारी मी शून्य झाले की सिल्वेस्टर पंखा बंद करून जेवायला जातो. मग माझ्याकडे कोणी पाहत नाही.

एका वादळी दुपारी मी एकावर अडले. सिल्वेस्टर घरोघर विचारून आला. "सगळ्यांची माणसं घरी आहेत. हिचंच डोकं फिरलंय," तो म्हणाला आणि माझे सूत्र पुसून त्याने हाताने शून्य लिहिले. वरच्या ओळींशी माझे नाते तुटले. इतकी एकटी मी कधीच नव्हते. माझ्या तोंडी खोटे घातले होते आणि मला ओरडता येत नव्हते.

तेवढ्यात परप्रांतीय खलाशांना जेवू घालणारी फिलोमिना दारात आली.

"चेट्टा, अहो दादा, निमाई जेवायला आला नाही."

"कोण निमाई?"

"बंगालचा. त्याचं इथे घरच नाही, घरोघर विचारून सापडणार कसा?"

"झोपला असेल खोलीवर."

"माझी माशांची मीनकरी सोडून? तीनदा मागून खातो तो."

सिल्वेस्टर खुर्चीत बसला. त्याने सूत्र पुन्हा लिहिले आणि मी पुन्हा एक झाले. तो धावतच धक्क्यावर गेला.

बोट बदलताना निमाई पाण्यात पडला होता. दोन्ही बोटींना वाटले, तो दुसरीत आहे. अंधार पडायच्या आत तो जाळ्याच्या बोयाला धरून तरंगताना सापडला. त्याचा आकडा भरला गेला आणि मी शून्य झाले. सगळे त्याच्याभोवती जमले. इकडे पंखा बंद झाला आणि मी एकटी उरले.

मित्रांनो, माझ्या जागी हाताने आकडा लिहू नका. मला शून्य करायचे असेल, तर माणूस परत आणून करा.