वारुळाखालची पोकळी

मी एक जुना रडार आहे. आकाशातली विमानं शोधणारा नव्हे, मित्रांनो. मी जमिनीत बघतो. चार चाकं, एक दांडा आणि पोटाशी चपटी पेटी, असा माझा अवतार. बाबागाडी समजून पोरं डोकावतात आणि हिरमुसतात. मी मातीत हळूच एक लहर सोडतो आणि तिच्या पडसादाची वाट बघतो. त्यातून मला मातीच्या पोटातलं दिसतं, अर्धवट झोपेत दिसावं तसं. ओल्या काळ्या मातीत तर फारच धूसर.

श्रीरामपूरच्या रूथताई मला ढकलत. त्या इंजिनियर. एका श्रावणात आम्ही नेवाशाजवळ प्रवरेकाठी गेलो. तिथे पूर अडवणारा मुरमाचा बांध होता आणि त्याच्या आडोशाला लंकाबाईंची वस्ती. धरणातून लवकरच पाणी सुटणार होतं. त्याआधी बांध कुठे कच्चा आहे, ते मला शोधायचं होतं.

नेमकी नागपंचमी होती. बांधावरच्या वारुळाभोवती बायका जमल्या होत्या.

"आज माती उकरायची न्हाई, बाई," लंकाबाईंनी वाट अडवली.

"उकरत नाही, मावशी. नुसतं वरून बघते," रूथताई म्हणाल्या.

लंकाबाईंनी पूजेचं ताट उचललं आणि माझ्या दांड्यालाही हळदकुंकू लावलं. मला एवढा मान कुणी दिला नव्हता. मी भारावून गेलो.

मग वारुळाला खेटून निघालो आणि पडसाद आला. वाळवीने बांध आतून पार पोखरला होता.

"नागोबा हाय का आत?" लंकाबाईंनी विचारलं.

"नाही, मावशी. पोकळी आहे. पाणी चढलं की इथूनच तुमच्या घरात येईल."

लंकाबाईंनी ताटातल्या उरलेल्या लाह्या वारुळावर वाहिल्या. त्यांच्या सासूनेही तिथेच लाह्या वाहिल्या होत्या. "आजचा दिस जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "उद्या पयली कुदळ मीच मारते."

आणि मारली. रडत मारली. वस्तीने पोकळी उकरून चिकणमाती भरली, चोपली. पाणी आलं, बांधाला घासत वाहिलं आणि ओसरलं. लंकाबाईंची अंगणातली चूलसुद्धा भिजली नाही.

आता मी केडगावच्या गोदामात असतो. नवा रडार आलाय, हलका, देखणा. माझी बॅटरी कधीच गेली. डोळा लागला की मी पुन्हा त्या बांधावरून चालतो, खाली माती गुणगुणत असते. दांड्यावरचं कुंकू रूथताईंनी अजून पुसलेलं नाही.

मित्रांनो, जे तुम्हाला सांभाळतं, त्याची पूजा खुशाल करा. पण त्याच्या आत काय चाललंय, तेही बघत जा. लंकाबाई दर नागपंचमीला त्या भरलेल्या जागी लाह्या वाहतात. रूथताई सांगतात, हात जोडण्याआधी लंकाबाई टाचेने जागा दाबून बघतात.